नारिंगी वायरीच्या अलीकडे

कोल्हापुरात गाडी नुसती घेऊन भागत नाही. अंबाबाईच्या दारात नेऊन नारळ फोडला की दुसऱ्या दिवसापासून तिला नटवायला सुरुवात होते. सीट कव्हर, मॅगव्हील, जादा दिवे, डिकीत वूफर. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार बाहेर पडते तेव्हा ती डोळे भरून पाहणारे हे गाव. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत इंजिनाचे भाग ओतले जातात, उद्यमनगरात लेथवर सुटे भाग घडतात. त्यामुळे ‘कंपनीने दिले तेवढ्यावर समाधान माना’ हे इथल्या माणसाला सहसा पटत नाही. आता एमएच-०९च्या पाटीच्या हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत आणि हौसेपुढे नवा प्रश्न आला आहे. हिच्यात काय बदलायचे आणि कशाला हातच लावायचा नाही?

हायब्रिडचा इतिहास थोडक्यात असा. इंजिन आणि विजेची मोटर एकत्र आणण्याचा प्रयोग फर्डिनंड पोर्शने १९०० सालच्या सुमारास केला. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस जपानात विक्रीला आली. भारतात ती २०१० मध्ये पोचली, पण किमतीमुळे मोजक्यांनीच घेतली. २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्या आणि चित्र बदलले.

टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडचे बॉनेट उघडले की जुना मेकॅनिक आधी स्टार्टर शोधतो. तो नसतो. अल्टरनेटरही नसतो. ही दोन्ही कामे विजेच्या मोटरच करतात. इंजिन आणि मोटर यांची ताकद ग्रहमालिका गिअरमधून वाटली जाते. या सगळ्यातून जाड नारिंगी वायरी फिरतात. हायरायडरच्या बॅटरीचा दाब सुमारे १७७ व्होल्ट असतो, पुढे मोटरकडे जाताना तो आणखी वाढवला जातो. नारिंगी रंग हीच मालकाच्या हौसेची हद्द. तिच्या पलीकडे फक्त प्रशिक्षित माणसाने, विद्युतरोधक रबरी हातमोजे घालून आणि बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढूनच जायचे.

हद्दीच्या अलीकडे मात्र करण्यासारखे भरपूर आहे, आणि त्यातले सर्वांत मोलाचे काम कोणत्याही शोकेसमध्ये दिसत नाही. ते म्हणजे बॅटरीची हवा.

बऱ्याच हायब्रिड गाड्यांची बॅटरी हवेवर थंड होते. एक छोटा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढून बॅटरीवरून फिरवतो. कॅमरी, प्रियससारख्या गाड्यांत मागच्या सीटच्या कडेला प्लॅस्टिकची जाळी असते. ती एसीची वाटते, पण तिथून हवा बाहेर येत नाही, आत जाते. टिश्यू पेपरचा तुकडा जवळ धरला आणि पंखा चालू असला, तर कागद जाळीला चिकटतो. नेमक्या याच जाळीवर जाड रेक्झिनचे सीट कव्हर बसते, नाहीतर लग्नाला निघालेल्यांच्या बॅगा टेकतात.

मग काय होते? बॅटरी तापते. तापली की गाडीचा संगणक तिच्याकडून कमी वीज घेतो आणि तिच्यात कमी भरतो. इंजिन जास्त वेळ चालते, ॲव्हरेज पडते आणि मालक पेट्रोलपंपाला दोष देतो. जाळीमागे बारीक फिल्टर असेल, तर त्यावर धुळीचा आणि गालिच्याच्या तंतूंचा थर साचतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज कागल किंवा गगनबावड्याच्या वाटेने जाणाऱ्याला ही धूळ वेगळी सांगायला नको. मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने फिल्टर साफ करणे, सीट कव्हरला जाळीपुरता काप देणे, उन्हात उभ्या गाडीला काचेचा पडदा लावणे आणि निघाल्यावर एसीने केबिन लवकर गार करणे, यांचा खर्च नगण्य. टोयोटा आणि मारुती या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, पण हवा मिळाली तर ती त्याहूनही अधिक साथ देऊ शकते.

टायरचेही तसेच. हायब्रिडला दिलेले टायर सहसा फिरताना कमी रोध करणारे असतात. ते काढून रुंद टायर आणि जड मॅगव्हील चढवले की ज्या ॲव्हरेजसाठी जादा पैसे मोजले तेच हातचे जाते. मोठा ॲम्प्लिफायर बसवला तर त्याची वीजही शेवटी मुख्य बॅटरीतूनच येते. म्हणून आवाजाच्या चढाओढीपेक्षा चांगले स्पीकर आणि दारात नीट बसवलेले डॅम्पिंग अधिक सरस. मोटरवर चालताना गाडी इतकी शांत असते की फरक लगेच कानाला कळतो.

आंबा घाट उतरताना तर ही गाडी नवे कौशल्य शिकवते. उतारावर मोटर जनित्र बनून बॅटरी भरते, पण बॅटरी लहान असल्याने लांब उतारावर ती लवकर भरते. तेव्हा गिअर ‘बी’वर टाकला की इंजिनाचा रोध मिळतो आणि ब्रेक कमी तापतात.

मालकांनी हायब्रिडमध्ये स्वतः सुधारणा केल्याची मोठी कथा कॅलिफोर्नियाची. प्रियसला केवळ विजेवर चालवण्याचे बटण जपान-युरोपात होते, अमेरिकेत नव्हते. तिथल्या हौशींनी ते स्वतः जोडले. २००४ मध्ये कॅलकार्स गटाच्या रॉन ग्रेमबन यांनी प्रियसमध्ये जादा लेड-ॲसिड बॅटऱ्या घालून ती घरच्या प्लगवर चार्ज करून दाखवली.

अशी झेप महाराष्ट्रानेही घेतली होती. जून २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने ‘रिव्होलो’ नावाचा संच दाखवला. वापरातल्या गाडीत मोटर, बॅटरी आणि नियंत्रक बसवून तिचीच हायब्रिड करायची. भारत फोर्ज भागीदार होती आणि इंधन-कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढेल असा दावा होता. अशा संचासाठी केंद्राचे नियम मात्र २०१६ मध्ये आले. रिव्होलो सामान्य मालकाच्या गाडीपर्यंत पोचलाच नाही. नियम वेळेवर आले असते तर हे काम उद्यमनगरच्या कारागिरांनी कदाचित हौसेने पेलले असते.

आज वाट अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

आणखी एक गोष्ट पंचगंगेच्या काठी सांगायलाच हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. हायब्रिड पाण्यात बुडाली असेल तर बटण दाबून पाहू नये, बाहेरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावू नये. ती टो-ट्रकवर चढवून थेट अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी.

या दिवाळीत घरी हायब्रिड येणार असेल, तर ॲक्सेसरीजच्या दुकानात शिरण्याआधी मॅन्युअल उघडा आणि बॅटरीच्या हवेची जाळी कुठे आहे ते शोधा. सीट कव्हर शिवणाऱ्याला ती बोट ठेवून दाखवा, मगच माप घेऊ द्या.