अ‍ॅप उघडतं, पण चालतं का?

आज लिनक्स फोनच्या अ‍ॅप-सूचीबद्दल बोलू. पाइनफोनसारख्या फोनवर डेस्कटॉपची बरीच अ‍ॅप्स टाकता येतात. पण ती लिहिलेली असतात मोठ्या पडद्यासाठी. ७२० बाय १४४० च्या उभ्या पडद्यावर कधी ‘सेव्ह’चं बटणच कडेबाहेर जातं आणि भरलेला सगळा फॉर्म वाया. म्हणून सूचीत ‘अ‍ॅप उपलब्ध’ एवढं लिहून भागत नाही.

फौजेत पुलाच्या तोंडाशी भार-वर्गाचा आकडा लिहिलेला असतो. ड्रायव्हर तो बघतो, पूल किती देखणा आहे ते नाही. लिनक्सफोनअ‍ॅप्स या संकेतस्थळावर अ‍ॅप लहान पडद्यावर किती नीट बसतं याचे १ ते ५ गुण देतात. माझ्या मते सगळ्यात कामाचा रकाना हाच. एफ-ड्रॉइड (ते अँड्रॉइडचं, पण शिकण्यासारखं) जाहिराती, पाळत असले दोष अ‍ॅपच्या पानावरच सांगतं.

तुम्ही सूची करणार असाल तर गुणांशेजारी तपासल्याची तारीख आणि फोनचं मॉडेल लिहा. आकडा जुना झाला की फसवतो. आणि पान हलकं ठेवा. पाइनफोनच्या एका आवृत्तीत रॅम २ जीबीच आहे, आणि तुमची सूची उघडणार त्याच फोनवर.