मत्स्यटाकीसाठी दगड निवडताना

भिलाईतील कुरुदचा परिसर छत्तीसगड खोऱ्यात येतो. इथे चुनखडी मुबलक. भिलाईच्या पोलाद कारखान्याला ती पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणी याच भागात आहेत.

चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळून जडपणा आणि सामू वाढवते. मलावी सरोवरातील सिक्लिडना ते चालते, निऑन टेट्राला मानवत नाही.

ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट आणि महाराष्ट्रातील काळा बेसाल्ट सहसा सुरक्षित. गंजाचे डाग किंवा धातूची चमक असलेले दगड आणि कारखान्याचा स्लॅग टाळावा.

दगड ओरखडून व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर दगडात चुनखडीचा अंश आहे. पण डोलोमाइट हा चुनखडीसारखाच दगड फारसा फसफसत नाही. म्हणून दगड आठवडाभर बादलीत बुडवून आधीचा आणि नंतरचा सामू, जडपणा मोजावा.

साबण न लावता ब्रशने घासावे. दगड उकळू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.