अँटिबायोटिक थांबवायचे कधी?

अतिदक्षता विभागात सेप्सिसचा रुग्ण आला की अँटिबायोटिक सुरू करायला कोणी वेळ दवडत नाही, आणि दवडूही नये. खरा घोळ पुढे होतो. ताप उतरतो, रक्तदाब सावरतो, तरी शिरेतून जाणारे औषध आठव्या-दहाव्या दिवशीही चालूच राहते. ते बंद करायची जबाबदारी घ्यायला कोणी धजत नाही. प्रोकॅल्सिटोनिन ही रक्तचाचणी कामी येते ती या टप्प्यावर. एरवी हा पदार्थ थायरॉइड ग्रंथीत तयार होतो आणि रक्तात जेमतेम सापडतो. गंभीर जिवाणूसंसर्गात मात्र तो रक्तात खूप वाढतो, हे १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले; अशा वेळी शरीरातल्या अनेक पेशी तो बनवू लागतात. काही तासांत त्याची पातळी चढते आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दर चोवीस तासांनी निम्म्यावर येते. ही उतरण डॉक्टरांच्या उपयोगाची. चढलेला एकच आकडा फसवू शकतो, कारण मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, मूत्रपिंडाचा विकार, इतकेच काय मलेरियातही तो वाढतो. म्हणूनच सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी औषध सुरू करायचे की नाही हे या चाचणीवर ठरवू नये असे सुचवले. थांबवताना मात्र रुग्णाच्या तपासणीच्या जोडीने तिचा आधार घ्यायला हरकत नाही असे म्हटले.

नेदरलँड्समधल्या १५ रुग्णालयांतल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियम सोपा होता: पातळी लिटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंत किंवा तिच्या उच्चांकापासून ८० टक्क्यांनी उतरली की औषध थांबवण्याचा सल्ला द्यायचा. म्हणजे २० वर गेलेला आकडा ४ वर आला की पुरे. औषधाच्या दिवसांचा मध्यक ७ वरून ५ वर आला आणि २८ दिवसांतले मृत्यू वाढले नाहीत, उलट कमीच दिसले. ब्रिटनमध्ये ४१ अतिदक्षता विभागांतल्या २,७६० रुग्णांवरच्या अभ्यासाने २०२४ मध्ये अधिक सावध चित्र मांडले. तिथे डॉक्टरांना आकडा कळवलाच नाही, रोज फक्त सल्ला दिला. औषधाचे दिवस सरासरी १०.७ वरून ९.८ झाले, मृत्यूंचे प्रमाण ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहिले. सीआरपी या स्वस्त चाचणीने मात्र दिवस कमी झाले नाहीत.

एका दिवसासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. अमेरिकेतल्या २०१८ च्या अभ्यासात तर श्वसनमार्गाच्या संसर्गाच्या रुग्णांत काहीच फरक पडला नव्हता. शिवाय रक्तात जिवाणू आढळलेल्या अनेक रुग्णांना चौदाऐवजी सात दिवसही पुरतात, असे दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दिसलेच आहे. मग सरळ सात दिवस ठरवून टाका! आक्षेप रास्त आहे. जिथे डॉक्टर आधीच वेळेवर थांबतात, तिथे चाचणीचा खर्च वाया जातो, हे मान्यच करायला हवे. पण जिथे दिवस लांबतच जातात, तिथे नुसता नियम भीतीपुढे टिकत नाही; समोरच्या रुग्णाचा उतरता आकडा हाती असला तर निदान चर्चा तरी होते. कोर्स अर्धवट सोडला तर जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात, ही समजूत इथे आड येते. वास्तविक क्षयरोगासारखे आजार सोडले तर गरजेपेक्षा लांबलेला कोर्सच आतड्यातल्या जिवाणूंना प्रतिकार शिकवतो. अर्थात पोटात पू साठून राहिला असेल किंवा हृदयाच्या झडपेला संसर्ग असेल, तर आकडा उतरला तरी औषध थांबवता येत नाही. आणि सल्ला म्हणजे हुकूम नव्हे: डच अभ्यासातही सल्ला मिळाल्यावर दोन दिवसांत औषध बंद झाले ते साधारण निम्म्याच रुग्णांचे.