पारनेरच्या पठारावरून आकाशनिरीक्षण : दुर्बिणींचे प्रकार, इतिहास आणि अभ्यासक्रम

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. शेतीच्या दृष्टीने हे स्थान प्रतिकूल असले, तरी आकाशनिरीक्षणाला तेच अनुकूल ठरते. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत येथे अनेक रात्री निरभ्र आणि कोरड्या मिळतात. कान्हूर पठारासारख्या उंच माळावर क्षितिज मोकळे असते. नगर-पुणे रस्ता आणि सुपे औद्योगिक वसाहत यांच्या दिव्यांपासून दूर गेल्यास आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो.

पारनेरचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहे. त्यामुळे ध्रुवतारा येथे उत्तर क्षितिजापासून साधारण १९ अंश उंचीवर दिसतो. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास अगस्त्याचा तारा दक्षिणेस सुमारे १८ अंशांवर येतो. लंडनहून अगस्त्य कधीच दिसत नाही. उत्तरेकडील सप्तर्षी आणि दक्षिणेकडील नरतुरंग, त्रिशंकू हे तारकासमूह एकाच ठिकाणाहून अभ्यासता येणे, हा या अक्षांशाचा मोठा लाभ आहे.

दुर्बिणीचा ज्ञात इतिहास १६०८ साली हॉलंडमध्ये सुरू होतो. १६०९ मध्ये गॅलिलिओने ती आकाशाकडे वळवली आणि पुढच्याच वर्षी गुरूचे चार उपग्रह नोंदवले. १६६८ मध्ये न्यूटनने भिंगाऐवजी अंतर्वक्र आरसा वापरून परावर्ती दुर्बीण बनवली. महाराष्ट्रात पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून अभ्यासले. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांना संघटित व्यासपीठ मिळाले.

रचनेनुसार प्रकाशीय दुर्बिणींचे तीन मुख्य वर्ग पडतात. अपवर्ती दुर्बिणीत भिंग प्रकाश एकत्र करते. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांसाठी ती उत्तम. मात्र व्यास वाढला की किंमत झपाट्याने वाढते. परावर्ती दुर्बिणीत हे काम आरसा करतो, म्हणून तेवढ्याच पैशात मोठा व्यास मिळतो. संयुक्त दुर्बिणीत आरसा आणि भिंग दोन्ही असल्याने नळी आखूड व सुटसुटीत होते. बैठकीचेही दोन प्रकार आहेत. क्षितिजीय बैठक दुर्बीण आडवी व उभी फिरवते, तर विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असल्याने एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा मागोवा घेता येतो. अमेरिकेत जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केलेली साधी लाकडी क्षितिजीय बैठक शाळांना विशेष परवडते.

दुर्बिणीची खरी शक्ती तिच्या व्यासात असते. अंधारात पूर्ण विस्फारलेली बाहुली साधारण ७ मिलिमीटरची धरली, तर २०० मिलिमीटरचा आरसा तिच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो. विवर्धन मात्र नेत्रिकेवर अवलंबून असते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली, की ४८ पट विवर्धन मिळते. अशा वेळी दृष्टिक्षेत्र साधारण एक अंशाचे असते, आणि मृगाच्या पट्ट्याजवळचा तारा ते चार मिनिटांत ओलांडून जातो. पृथ्वीचे परिवलन निरीक्षकाला येथे प्रत्यक्ष जाणवते.

शिकण्याचा क्रम नुसत्या डोळ्यांपासून सुरू व्हावा. अंधाराला डोळे पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. या काळात मोबाईलचा पडदा टाळावा आणि नकाशा मंद लाल उजेडात पाहावा. प्रथम नक्षत्रे ओळखावीत. नंतर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री घेऊन कृत्तिका, चंद्रावरील विवरे आणि आकाशगंगेतील तारकागुच्छ पाहावेत. दुर्बीण तिसऱ्या पायरीवर यावी. सूर्याकडे मात्र दुर्बिणीच्या पुढील तोंडावर प्रमाणित सौरगाळणी बसवल्याशिवाय कधीही पाहू नये. क्षणात दृष्टी जाऊ शकते.

वसिष्ठ आणि अरुंधती हा या क्रमाचा उत्तम पाठ आहे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री सप्तर्षी उत्तरेस वर आले, की चांगली दृष्टी असणाऱ्याला ही जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. द्विनेत्रीतून ती सहज विलग होते. लहान दुर्बीण लावताच वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा असल्याचे उघड होते. वर्णपटाचा अभ्यास त्याही पुढे जातो : त्या दोहोंपैकी प्रत्येक पुन्हा दोन ताऱ्यांची जोडी आहे. साधन बदलले, की त्याच बिंदूविषयीचे ज्ञान एकेक थर खोल जाते.

आधुनिक स्मार्ट दुर्बिणींनी यात मोलाची भर घातली आहे. दुर्बीण टिपलेले तारे आपल्याजवळील सूचीशी ताडून स्वतःची दिशा ठरवते, इष्ट पदार्थाकडे वळते आणि अनेक लहान छायाचित्रे एकावर एक रचून अंतिम प्रतिमा तयार करते. मृगातील तेजोमेघ नेत्रिकेतून बहुधा करडा दिसतो, कारण मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातील दंडपेशींना रंग कळत नाहीत. संवेदक मात्र हायड्रोजनचा तांबूस प्रकाश साठवत जातो. तरीही आकाशाचा नकाशा डोक्यात नसेल, तर यंत्राने दाखवलेले दृश्य केवळ चित्र म्हणून उरते.

या विद्येचे प्रगत रूप पारनेरच्या शेजारीच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण पारनेर गावापासून हवाई अंतराने सुमारे ४० किलोमीटरवर आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून ती साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. दृश्य प्रकाशाऐवजी ती रेडिओ लहरी टिपते. त्याहून पश्चिमेस गिरवली येथे आयुका या खगोल-संशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण २००६ पासून कार्यरत आहे. दोन्ही प्रकारची संशोधन-साधने एवढ्या जवळ असणे दुर्मीळ आहे.

हौशी निरीक्षकाच्या कामाचाही शास्त्राला उपयोग होतो. रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता, चंद्राकडून होणारी ताऱ्यांची पिधाने आणि उल्कावर्षावातील उल्कांची संख्या यांच्या काटेकोर नोंदी संशोधक वापरतात. त्यासाठी दिनांक, अचूक वेळ, स्थळ, साधन आणि आकाशाची स्थिती दर वेळी वहीत लिहिणे अनिवार्य आहे.

या नोंदींसाठी अंधारही राखावा लागतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, तो दिव्यांचे शिस्तबद्ध नियोजन केल्यामुळे. पारनेरच्या ग्रामपंचायतींनी रस्त्यावरील दिव्यांना वरून झाकण घालून प्रकाश जमिनीकडेच वळवला, तर वीज वाचेल आणि आकाशही शाबूत राहील. एखाद्या माध्यमिक शाळेने २०० मिलिमीटरची एक परावर्ती दुर्बीण व एक नोंदवही ठेवली, तर ऑक्टोबर ते मे हा तालुक्याच्या निरीक्षणाचा नियमित हंगाम होऊ शकेल. पावसाने जे नाकारले, त्याची काही भरपाई निरभ्र आकाश करते. ती पदरात पाडून घेण्यासाठी लागते ते पद्धतशीर शिक्षण.