तान्ह्याच्या पोटातला वारा

जन्मानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून अनेक तान्ही बाळे, विशेषतः दिवस मावळण्याच्या सुमारास, मुठी आवळून, गुडघे पोटाशी ओढून आणि चेहरा लालबुंद करून अशी रडतात की दूध पाजले, लंगोट बदलला, मांडीवर डोलावले, तरी त्यांची समजूत पटत नाही. आणि मग पोटातला वारा सरला की तेच बाळ काही क्षणांत शांत होते. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या चौसाळ्यात काय किंवा बीड जिल्ह्यातल्या इतर कोणत्या गावात काय, अशा वेळी घरात एकाच वेळी तीन निदाने होतात: पोटात कळ आली, बाळंतिणीचे काहीतरी वातूळ खाण्यात आले, किंवा दृष्ट लागली. मीठ-मोहरी उतरवून टाकल्याने बाळाचे नुकसान होत नाही, उलट तेवढा वेळ घरातली धांदल थांबते. परंतु त्यापुढे बाळाच्या तोंडात काय घातले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते.

पोटातला हा वारा दोन वाटांनी येतो. दूध ओढताना, आणि त्याहून अधिक रडताना, बाळ हवा गिळते. तसेच आईच्या दुधातली दुग्धशर्करा, म्हणजे दुधाला किंचित गोडवा देणारी साखर, लहान आतड्यात पूर्ण पचली नाही तर उरलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन तेथील सूक्ष्मजंतूंमुळे आंबतो आणि त्यातून वायू तयार होतो. मोठ्या माणसाला हा वायू चालण्या-फिरण्याने सरकवता येतो, पण नवजाताला, म्हणजे पहिल्या अठ्ठावीस दिवसांच्या बाळाला, कूसही बदलता येत नाही. शिवाय पोटाने जोर करणे आणि गुदद्वार सैल सोडणे या दोन क्रियांचा मेळही त्याला अजून जमलेला नसतो, म्हणून मऊ शी होण्यापूर्वीही ते दहा-पंधरा मिनिटे कुंथते आणि रडते. येथे कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा गोंधळ सहज होतो, कारण वाऱ्याने बाळ रडते हे जितके खरे, तितकेच रडल्याने पोटात वारा भरतो हेही खरे आहे.

दररोज ठरावीक वेळी होणाऱ्या या दीर्घ आकांताला वैद्यकात ‘कोलिक’, म्हणजे अर्भकशूळ, म्हणतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये त्याची जी व्याख्या केली ती ‘तीनचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाली: एरवी निरोगी असलेले बाळ दिवसाकाठी तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर तो अर्भकशूळ. निरोगी बाळांचेही रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते, त्यामुळे याच काळात जे औषध चालू असेल त्याला यशाचे श्रेय मिळते. बाळाच्या दुखण्याचे असे निरीक्षण आपल्याकडेही जुने आहे. नेपाळमध्ये मिळालेल्या हस्तलिखितावरून १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काश्यपसंहिते’त, बोलू न शकणाऱ्या बालकाचे दुखणे कसे ओळखावे यासाठी ‘वेदनाध्याय’ नावाचे स्वतंत्र प्रकरण असून, स्तन झिडकारणे, रडणे, पोट ताठ होणे आणि तोंडावर घाम येणे ही शूळाची लक्षणे तेथे नोंदलेली आहेत.

उपायांचा विचार करताना, बाळाच्या अंगाबाहेरचे उपाय आणि तोंडावाटे आत जाणारे उपाय, असे दोन भाग केले तर परंपरेचे मूल्यमापन बरेच सोपे होते, कारण आजीचा हात बहुतेक वेळा बरोबर असतो आणि तिची सहाण बहुतेक वेळा टाळण्यासारखी.

हाताची कामे अशी. पाजताना बाळाच्या तोंडात केवळ बोंडी न जाता तिच्याभोवतीचा काळा भागही बराचसा गेला पाहिजे, म्हणजे फटीतून हवा ओढली जात नाही. एका बाजूचे दूध पूर्ण पिऊन झाल्यावरच दुसरी बाजू द्यावी, कारण शेवटच्या दुधात स्निग्धांश अधिक असतो आणि ते पोटातून सावकाश पुढे सरकते. पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरून, त्याचे पोट मोठ्या माणसाच्या खांद्याशी हलके टेकलेले ठेवून, पाठीवरून पसरट हात फिरवला की ढेकर निघते. दहा मिनिटांत ती निघाली नाही तर थोपटण्याचा जोर वाढवण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक वेळी गिळलेली हवा असतेच असे नाही. कळ आलेलीच असेल तर बाळाला आपल्या हातावर पालथे घेऊन, डोके कोपराच्या बेचक्यात आणि पोट मनगटाकडे, असे सावकाश फिरवावे. उताणे ठेवून गुडघे अलगद पोटाशी दाबावेत व सोडावेत. किंवा कोमट खोबरेल लावलेल्या बोटांनी बेंबीभोवती, घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने, म्हणजे मोठ्या आतड्याच्या वाटेनेच, पोट चोळावे. झोपताना मात्र बाळ उताणेच हवे. ऊबदार फडक्याने पोट शेकायचे तर ते आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावे, कारण नवजाताची कातडी पातळ असते. आणि बाळंतिणीच्या बंद खोलीतली शेक-शेगडी व धुरी मात्र बाहेरचा उपाय असूनही सोडलेली बरी, कारण त्या धुराने बाळाच्या श्वासनलिकेला त्रास होतो.

बेंबीभोवती हिंगाचा लेप लावणे ही घरोघरची रीत. नाळ पडून जागा पूर्ण सुकली असेल, तर पातळ लेपाने सहसा अपाय होत नाही, आणि तो लावताना पोटावरून फिरणारा हात हाच कदाचित त्यातला खरा गुण असावा. हाच हिंग चिमूटभर पाण्यात कालवून पाजला तर मात्र गोष्ट बदलते, कारण नवजाताच्या रक्तातील प्राणवायू वाहणारे लाल द्रव्य सहज बिघडते आणि हिंग पोटात गेल्याने अर्भक निळे पडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

बाळगुटीची सहाण हा तर मराठी घरातला जिव्हाळ्याचा विषय. हिरडा, बेहडा, वेखंड, अतिविष, जायफळ, सुंठ, हळकुंड आणि पिळवटलेल्या आतड्यासारखी दिसणारी मुरुडशेंग, प्रत्येकीचे एक-दोन वळसे आईच्या दुधात उगाळायचे आणि ते चाटण बोटाने जिभेवर लावायचे, ही पद्धत. वळसा किती जोराचा, सहाण किती खरबरीत, यावर मात्रा ठरते, म्हणजे ती रोज वेगळी असते. जायफळाचा वळसा जास्त झाला तर बाळ गुंगते आणि घरच्यांना ते ‘शांत झोपले’ असे वाटते. बुरशी लागलेला तुकडा, न धुतलेली सहाण आणि उगाळणारीचे बोट यांतून जुलाबाचे जंतू पोटात जातात ते वेगळेच. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मध तर वर्षाच्या आत नकोच, कारण त्यात कधीकधी असणाऱ्या जंतूबीजांमुळे तान्ह्याला स्नायू लुळे करणारी विषबाधा होऊ शकते.

दुकानातल्या बाटलीचा इतिहासही फार वेगळा नाही. ग्राइपवॉटर इंग्लंडातील नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये तयार केले. त्यात शेपूच्या बियांचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क होता. मद्यार्क आता गेला आहे, पण बाळ तेव्हा कशाने निवत असे, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया कामावर जाताना तान्ह्याला अफूची ‘बाळागोळी’ देत असत, ही गोष्ट १९२०च्या दशकारंभी डॉ. बार्न्स यांच्या पाहणीतून पुढे आली होती. अशा गोळीने दुखणे जात नाही, रडणे तेवढे जाते. आजही पोटाच्या कळीवर म्हणून दिले जाणारे डायसायक्लोमिन हे औषध सहा महिन्यांखालील बाळाला देऊ नये, कारण त्याने श्वास अडखळू शकतो. फेस फोडणाऱ्या सिमेथिकोनच्या थेंबांनी सहसा अपाय होत नाही, परंतु तुलनात्मक चाचण्यांत ते निव्वळ गोड पाण्याहून सरस ठरलेले नाहीत.

बाहेरच्या उपायांतला सर्वांत क्रूर अपवाद म्हणजे मेळघाटातला ‘डंबा’. फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची ही प्रथा अमरावती जिल्ह्यात अजूनही अधूनमधून उघडकीस येते. त्यात वारा तर सरत नाहीच, वर भाजलेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन आधीच आजारी असलेले बाळ दगावू शकते.

आईच्या ताटावरचे निर्बंधही बहुतांशी निरर्थक आहेत. हरभऱ्याची डाळ, वांगे, कोबी खाल्ल्याने आईच्या पोटात वारा धरेल, पण तो वारा दुधात उतरत नाही. भाकरी-भाजी पोटभर न खाणाऱ्या बाळंतिणीचे अंग मात्र झिजते. काही थोड्या बाळांना गाई-म्हशीच्या दुधातील प्रथिनांची अॅलर्जी असते, तेव्हा शीमध्ये रक्त-चिकटा दिसतो किंवा अंगावर चट्टे उठतात, आणि मग आईने काय वगळावे हे डॉक्टरांनी सांगायचे असते.

घरच्या हाताने भागणार नाही, अशी चिन्हे ठळक आहेत: हिरवी उलटी, शीतून रक्त, ताप किंवा अंग गार पडणे, दगडासारखे टणक पोट, दूध ओढायचे बंद होणे, दिवसभरात लघवी खूप कमी होणे, जांघेत न दबणारी गाठ. अकस्मात सुरू झालेला आणि न थांबणारा आकांत असेल, तर बाळाला पूर्ण उघडे करून पायाची बोटे पाहावीत, कारण आईचा गळलेला केस बोटाला गुरफटून ते सुजवतो. कमरेचा करदोडा आणि घोट्याचा काळा दोरा रुतलेला नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

ही पारख करायला माणूस दारी येतो, तो महाराष्ट्रातल्याच एका प्रयोगामुळे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजाताची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि नवजात-मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा ताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन तपासतात, वजन-ताप घेतात आणि आई कशी पाजते ते पाहतात. चौसाळ्याच्या आसपासच्या गावांत अडचण येते ती दिवाळीनंतर, जेव्हा ऊसतोडीचा ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तान्ह्यासह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि गावच्या आशा ताईंची भेट मागेच राहते. फडाजवळच्या कोपीत बाळ रात्री रडू लागले तर विचारायला मुकादमाखेरीज कोणी नसते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात असावे आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक राज्यात कोठूनही लागतो हे ठाऊक असावे. वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात, आणि ती सोय गाव पाहून दिली जात नाही.