पोट दुखत नाही, तरीही

शिक्षकहो, तुमच्या वर्गात वयाच्या मानाने ठेंगणे, फिकट चेहऱ्याचे एखादे मूल असेल. पोटाची तक्रार नाही, म्हणून आपण म्हणतो, "अंगकाठीच तशी!" कारणे पुष्कळ असतात, त्यांतले एक सीलिअ‍ॅक रोग.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक अंकुरांची लव असते. तीच अन्नरस शोषते. या रोगात गव्हातल्या ग्लुटेनमुळे ती झिजते. गव्हाचा हा संबंध डच बालवैद्य विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला.

नवल असे, की त्रास आणि इजा यांचे माप जुळत नाही. झीज बहुधा वरच्या भागात अधिक. खालचे धड आतडे काम सावरून घेते, म्हणून जुलाब नसतीलही. पण लोह वरच्याच भागात शोषले जाते. तिथे रक्त कमी पडते.

तेव्हा लक्षणांवरून अंदाज बांधू नका. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या; तोवर गहू सोडू नका, नाहीतर रोग झाकला जातो. निदान ठरल्यावर मात्र गहू, जव कायमचे बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेतच. फक्त त्यांचे दळण गव्हामागून नको.