झिजतो तो रंग, कातडं नव्हे

जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड नीट पाहा. बाकी सीट ठणठणीत. तेवढीच कड पांढरट, खरबरीत, बारीक भेगांनी भरलेली. चढता-उतरता दर वेळी पँट तिथेच घासते ना! ‘लेदर गेलं’ म्हणून आपण हळहळतो. पण बहुतेक वेळा लेदर जागच्या जागी असतं. गेलेला असतो तो रंग.

मोटारीच्या सीटचं बहुतेक लेदर रंगाचा लेप दिलेलं असतं आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. हे सगळं मिळून सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ! वर्षानुवर्षं आपण बसतो ते या पापुद्र्यावर. खालच्या कातड्याला आपला हातही लागत नाही.

ते कातडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाची करामत. याचा एकेक रेणू म्हणजे तीन पेडांची वेणी. जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर, लांबी सुमारे ३००. अशा असंख्य रेणूंचे तंतू, तंतूंचे जुडगे आणि ते जुडगे चहूबाजूंनी एकमेकांत गुंतलेले. ओलं कच्चं कातडं मात्र ६०-६५ अंशांना आक्रसतं. हे टाळण्यासाठीही ते कमावावं लागतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. क्रोमियम या रेणूंना एकमेकांशी जखडून टाकतं. कारखान्यात त्याची परीक्षा साधी: तुकडा उकळत्या पाण्यात टाकायचा. आक्रसला नाही, तर उत्तीर्ण!

असं चिवट कातडं पँटच्या घासण्याला थोडंच दाद देतं?

म्हणूनच सीटला खोबरेल तेल चोपडून फारसं काही साधत नाही. वरचा थर शाबूत असेल तर तेल आत मुरतच नाही, नुसतं कपड्यांना लागतं. बुटाच्या पॉलिशचंही तेच.

आधी सीट खरंच लेदरची आहे का ते बघा. खालची एखादी मोकळी कड उलटा: मागे विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन, मऊ केसाळ तंतू दिसले तर कातडं. मग चांगल्या भागावर पाण्याचा थेंब सोडा. तो तसाच टिकून राहिला, तर लेदर लेपाचं आहे. तिथल्या तिथे जिरला, तर ते लेपाविना नुसतं रंगात भिजवलेलं नाजूक लेदर. त्यावर घरी प्रयोग नकोत.

लेपाच्या लेदरवरचा मळ सौम्य साबण आणि मऊ ब्रशने काढा. धुण्याचा सोडा नको. कातडं किंचित आम्लधर्मी असतं, त्याला सोडा मानवत नाही. वाळल्यावर झिजलेला भाग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. भेगा लवचीक लेदर फिलरने भरा. लेदरसाठीचा पाण्यात मिसळणारा रंग स्पंजाने टिपत अगदी पातळ हात द्या. प्रत्येक हात हेअर ड्रायरने वाळवा. जाड थर सीट दबली की तडकतो. शेवटी पारदर्शक टॉपकोट हवाच. तो नसेल तर नवा रंग पँटला लागेल.

कातडंच फाटलं असेल, तर सीट बनवणाऱ्या कारागिराला गाठा. नुसता रंग गेला असेल, तर नव्या कव्हरचे पैसे वाचवा.